कारीट की चिरांट? कोड्याला एकच उत्तर पाहिजे

शहापूरवाला
जिओकॅशिंगवाल्यांसाठी, म्हणजे जीपीएसवरून लपवलेला डबा शोधायचा खेळ खेळणाऱ्यांसाठी, दिवाळीचं कोडं केलंय. डबा ठेवलाय बेळगावातच. १५° ५१' आणि ७४° ३०' एवढं उघड दिलंय, मिनिटांपुढचे तीन-तीन आकडे शब्दांतून काढायचे, कटपयादीनं, म्हणजे प्रत्येक व्यंजनाला ठरलेला अंक देणाऱ्या जुन्या पद्धतीनं. अक्षांशाची ओळ अशी:

वेलीवर वाढला, तुळशीपुढं पडला,
डाव्या अंगठ्यानं पहाटे फोडला.

उत्तर कारीट, नरक चतुर्दशीला फोडतात ते कडू फळ. क १, र २, ट १, म्हणजे १२१. निपाणीच्या मित्राला आधी सोडवायला दिलं तर तो चिरांट लिहून १२६ घेऊन आला. वर मलाच विचारतोय, बेळगावात कारीट कोण म्हणतंय? आमच्या घरात तरी सगळे म्हणतात. तुमच्याकडं काय?

तंबाखूचं_शेत
तो मित्र मीच. निपाणी, चिकोडी, पलीकडं कागलपर्यंत चिरांटच. अभ्यंग झालं की चिरांट फोडायचं, रस जिभेला लावायचा, मग फराळ. कारीट हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो गोव्याच्या माणसाकडून.

जांबोटीकडचा
गोव्यापर्यंत कशाला जाता? खानापूर-जांबोटीत कारीटच. कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरा, खाली पणजीपर्यंत हाच शब्द. आई कारटं म्हणते, मावशी कारेटं.

र्‍हस्वदीर्घ
बोलीत काहीही असू द्या, कोड्यात प्रमाण रूप हवं. उद्या कोणी कारटं लिहिलं तर आकडा बदलेल त्याचं काय?

मेळकर्ता
नाही बदलणार. कटपयादीत व्यंजनाला जोडलेले स्वर मोजत नाहीत, अनुस्वारही नाही. कारीट, कारटं, कारेटं, तिन्ही १२१. तुमची ऱ्हस्व-दीर्घाची काळजी इथं लागूच होत नाही.

अडचण उलट वाचण्याची आहे. अंक उजवीकडून डावीकडं घ्यायचे असतात. कर्नाटक संगीतात ७२ मेळकर्ता, म्हणजे मूळ, रागांचे क्रमांक असेच नावात दडवलेत. मायामाळवगौळ घ्या: म ५, य १, उलटं केलं की १५, आणि राग पंधरावाच. धीरशंकराभरण: ध ९, र २, म्हणून २९. आपल्याकडं हिंदुस्थानी गाणारेच जास्त, म्हणून हे कानावर येत नाही. कारीट दोन्हीकडून १२१, पण चिरांट सरळ वाचलं तर ६२१. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे साधारण १.८५ मीटर, तेव्हा तो गडी तुमच्या डब्यापासून ९२६ मीटर उत्तरेला झुडपं चाळत बसणार. शब्दाआधी उलटं वाचायची खूण द्या.

शहापूरवाला
खूण आहे ओ. ओळीखाली काढलेली पणती उलटी आहे.

तंबाखूचं_शेत
ती उलटी पणती मला टोपी वाटली होती.

र्‍हस्वदीर्घ
मुळात 'जिओकॅशिंग' कशासाठी? मराठीत 'गुप्तधनशोध' म्हणा, छान शब्द आहे.

जांबोटीकडचा
काका, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला रात्री टॉर्च घेऊन शिवारात फिरा आणि कोणी हटकलं तर 'गुप्तधन शोधतोय' म्हणून सांगा. सकाळचा फराळ चौकीवरच होईल. गुप्तधन म्हटलं की इकडं कुदळ, लिंबू आणि मांत्रिक आठवतो. या खेळात तर डबा पुरायलाच मनाई आहे.

मेळकर्ता
तिकडंही हाच घोळ झालेला. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनात पहिला डबा ठेवला. तेव्हा त्याला 'स्टॅश' म्हणत. त्याला चोरून ठेवलेल्या मालाचा वास येतो म्हणून महिना संपायच्या आत नाव बदललं.

र्‍हस्वदीर्घ
त्यांनी बदललं ना? मग आपणही बदलू. 'ठेवा' म्हणा.

तंबाखूचं_शेत
'ठेवा शोधायला चाललो' म्हटलं तर बायको बँकेचं पासबुक मागेल.

मुद्द्यावर येतो. चिरडतात म्हणून चिरांट. शब्दातच कृती आहे, कोड्याला हाच बरा.

जांबोटीकडचा
मग वेलीवर लटकतंय तोवर त्याला काय म्हणायचं? कारीट कारल्याच्या घरातलं वाटतं. दोन्ही कडू, दोघांत 'कार'.

मेळकर्ता
कारलं 'कारवेल्ल'वरून आलंय. कारीटाला त्यात ओढायला अजून पुरावा पाहिजे. नुसत्या 'कार'वर जायचं तर कन्नडमधला तिखट या अर्थाचा 'खारा' काय वाईट?

माहेर_शिरशी
आमच्याकडं कन्नडमध्ये हिंडलेकाई म्हणतात. ते पण नरक चतुर्दशीला पायाखाली फोडतात. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा हिंडलगा ऐकून मला वाटलेलं की तिथं हीच फळं पिकत असतील! हिंडलेकाईचे आकडे किती होतात?

मेळकर्ता
ताई, सुट्या 'ई'चं शून्य धरून पाच होतात. तीनच्या जागेत बसणार नाहीत. आणि हिंडलग्याबद्दलचं मनातच ठेवा, नाहीतर उद्या कोणी ते गावाचा इतिहास म्हणून छापेल.

गडहिंग्लजहून
चिरांट म्हणजेच शेंदाड ना?

तंबाखूचं_शेत
नाही ओ. शेंदाड पिकलं की खातात. चिरांट खाऊन दाखवा, दुसऱ्या दिवशी इथंच लिहा.

र्‍हस्वदीर्घ
'शेंदाड शिपाई' हा वाक्प्रचार त्याच फळावरून. पिकलं की हात लावताच फुटतं, म्हणून भित्र्या माणसाला म्हणतात, असा माझा अंदाज.

शहापूरवाला
शिपाई राहू द्या. कारीट ठेवू की चिरांट?

मेळकर्ता
उलटं वाचल्यावर १२१ आणि १२६ मध्ये फरक पाचाचा, म्हणजे नऊ मीटर. मोबाइलचं जीपीएस गल्लीत तेवढं तसंही चुकतं. कुठलाही शब्द ठेवा, माणूस डब्याच्या आसपासच उभा राहणार.

तंबाखूचं_शेत
नऊ मीटर असो की नऊ इंच, शब्द चिरांटच.

जांबोटीकडचा
कारीट.

शहापूरवाला
बरं, रेखांशाच्या ओळीचं उत्तर करंजी धरलंय. क १, र २, ज ८, उलटं ८२१. त्यावर तरी कोणाचं काही नाही ना?

माहेर_शिरशी
सासूबाई कानोला म्हणतात.

र्‍हस्वदीर्घ
कानोला वेगळा, करंजी वेगळी. कानोल्याला मुरड घालतात.

गडहिंग्लजहून
मुरड करंजीलाच घालतात. आमच्याकडं कातणं वापरणाऱ्या सुनेला नावं ठेवतात.

मेळकर्ता
कानोला ३०१. यावेळी फरक नऊ मीटरचा नाही, नऊशेच्या वर आहे.