जुन्या कोअर टू ड्युओसाठी कॅबिनेट आणि एसएमपीएस कोणता घ्यावा?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवते. त्यांच्या वेळचा पीसी मला टिकवायचा आहे. कोअर टू ड्युओ ई७४००, जी३१ चिपसेटचा मायक्रो एटीएक्स बोर्ड, २ जीबी रॅम, साटा हार्ड डिस्क, आणि रुंद पट्टीच्या केबलचा जुना आयडीई डीव्हीडी रायटर. विंडोज एक्सपी आहे, नेट मुद्दाम जोडलेलं नाही.

रोजचं काम नव्या मशीनवर होतं. पण बाबांनी केलेल्या लग्नपत्रिका, देवस्थानांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका सगळ्या पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टचं लॉक, म्हणजे परवान्याचा छोटा प्लग, मागच्या गुलाबी पॅरलल पोर्टला लावावं लागतं. लॉक नसेल तर पानावर नुसती चिन्हं दिसतात. अजूनही माणसं येतात, "ताई, तुमच्या बाबांनी केलेला अहवाल काढा, फक्त विश्वस्तांची नावं बदला."

२२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी टेबलाच्या वर दोन बोटं चढलं होतं. लाइट आधीच गेली होती, बोर्ड आणि डिस्क पाण्याच्या वर राहिली, म्हणून मशीन वाचलं. कॅबिनेटचा तळ मात्र गंजून आता पापुद्रे सुटतात आणि पॉवरचं बटण दाबलं की आत अडकतं. गेल्या महिन्यापासून सकाळी तिसऱ्या-चौथ्या वेळी सुरू होतो. एकदा झाला की दिवसभर चालतो. पावसाळ्यात कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात.

एका दुकानात कॅबिनेटसकट "४५० वॉट" एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) दाखवला. उचलला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, म्हणून परत आले. किती वॉट घ्यावा? आणि नव्या कॅबिनेटमध्ये डीव्हीडी रायटरला खणच दिसत नाही, त्याचं काय करू?

सोल्डरगन
ताई, एसएमपीएस घेण्याआधी हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मशीन सुरू झालं की त्याच दिवशी. एसएमपीएस बाजारात मिळेल, बाबांच्या फायली मिळणार नाहीत.

थंड असताना सुरू न होणं आणि तापल्यावर चालणं, हे बहुतेक वेळा एसएमपीएसच्या आतले कपॅसिटर सुकल्याचं लक्षण. बोर्डावरचेही बघा. प्रोसेसरच्या बाजूला जे उभे नळकांडीसारखे असतात, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगली असतील किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर आधी ते बदलावे लागतील. एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

वॉटचं म्हणाल तर हा प्रोसेसर ६५ वॉटचा, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. पूर्ण मशीन जोरात चाललं तरी साधारण १००-१२० वॉटच खाईल. म्हणजे खरा ४०० वॉटसुद्धा भरपूर झाला. खरा की खोटा हे लेबलवर कळतं. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि १२ ने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॉट, म्हणजे ४५० चा दावा खरा. १४ असतील तर १६८ वॉट, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. तुमच्या हाताला जो हलका लागला, तो याच जातीचा असणार. कॉर्सेअर सीव्ही ४५० किंवा कूलर मास्टर एमडब्ल्यूई ४५० ब्रॉन्झ यांतला कुठलाही डोळे झाकून घ्या.

प्रोसेसरचा प्लग ४+४ असा जोडलेला येईल. तो मधून सुटतो, तुमच्या बोर्डाला त्यातला योग्य अर्धा भागच लागेल. आणि डीव्हीडी रायटरला मोठा चार पिनवाला मोलेक्स लागतो. नव्या एसएमपीएसला तो एखाद-दुसराच असतो, म्हणून खोक्यावरचं केबलचं चित्र बघूनच पैसे द्या.

ग्रँटरोड_लोकल
कॅबिनेटबद्दल मी सांगतो, लॅमिंग्टन रोडवर माझ्या बऱ्याच चकरा होतात. समोर काच आणि रंगीत दिव्यांचे पंखे असलेल्यांच्या वाटेला जाऊ नका. सव्वापाच इंची खण असलेलं साधं मिनी टॉवर मागा. दुकानात दर्शनी ठेवत नाहीत, पण आत असतं. जुनं घेणार असाल तर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिस मशीनचं रिकामं कॅबिनेट टाळा. त्यांच्या बटणांचे प्लग आणि मागची खाच त्यांच्याच बोर्डाच्या मापाची असते.

एक गोष्ट सगळे विसरतात. जुन्या कॅबिनेटच्या मागची पोर्टची पत्र्याची पट्टी काढून जपून ठेवा. तुमच्या बोर्डाच्या भोकांची ती पट्टी आता वेगळी मिळणार नाही, आणि तिच्यातूनच पॅरलल पोर्ट बाहेर येतो.

दुसरं, पुढचा यूएसबी ३ चा रुंद १९ पिनांचा प्लग जी३१ वर बसत नाही. कॅबिनेटला यूएसबी २ ची वायर आहे का बघा, नसेल तर १९ चा ९ पिन करणारी छोटी केबल घ्या. बोर्ड कसताना जिथे बोर्डाला भोक आहे तिथेच खाली पितळी खुंटी हवी. जादा खुंटी राहिली तर बोर्ड शॉर्ट होतो.

आणि ताई, नव्या बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला बसतो. चिपळूणसाठी मी तरी वर बसणाराच शोधेन. तुमचा वाचला तो वर होता म्हणूनच.

तीन_पिन
मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. अर्थिंग तुटलं की बॉडीवर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. नवा एसएमपीएस लावला तरी मुंग्या येतच राहतील. पुरानंतर दुकानाचं वायरिंग बदललं असेल, पण अर्थिंगचा खड्डा कुणी तपासला का? वायरमनकडून सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. त्याचबरोबर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास दिसायला हवेत, नाहीतर अर्थ पोचलेलंच नाही. वळवाच्या विजा सुरू होण्याआधी करून घ्या.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी डिस्कची प्रत काढली, एक दुकानात आणि एक बहिणीकडे वरच्या आळीत ठेवली. कपॅसिटर सगळे सपाट होते. वायरमनने मोजलं तर फेज-अर्थमध्ये जेमतेम ९०. खड्ड्यातली तार पुरानंतर जोडलेलीच नव्हती. ती जोडली, त्याच दिवशी मुंग्या गेल्या.

सीव्ही ४५० घेतला. भाचा मुंबईहून वर एसएमपीएस बसणारं कॅबिनेट घेऊन आला, दोन सव्वापाच इंची खण आहेत. जुनी पट्टी गंजली होती, पॉलिश पेपरने घासून तीच बसवली. पॅरलल पोर्टच्या भोकाशी थोडी वाकली होती, लॉक तिरकं बसत होतं, ती पकडीने सरळ केली.

पहिल्याच बटणाला सुरू झाला. बाबांची २००९ ची शाळेची स्मरणिका उघडली, सगळी अक्षरं जागच्या जागी. मशीन आता भिंतीतल्या कोनाड्यात आहे, पुराच्या खुणेच्या हातभर वर.