संडासाचा जुना खड्डा खचलाय आणि विहीर उताराला आहे. नवा कुठे आणि कसला घ्यावा?

देवरुखची_सून · १७ फेब्रुवारी

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता येणार नाही.

आमचं घर देवरुखपासून आत, उतारावर. संडास १९९१ साली परसात बांधला. त्याला एकच खड्डा, चिऱ्यांनी गोल बांधलेला, तळ उघडा, वर काँक्रीटची लादी. तेव्हापासून एकदाही उपसलेला नाही. "आमचा खड्डा कधी भरलाच नाही," असं घरात कौतुकाने सांगतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही हेच ऐकत आले आणि मलाही ते चांगलंच वाटायचं.

गेल्या श्रावणात लादीचा कोपरा खाली गेला. वरून लादी धड दिसत होती. सासूबाईंनी तिथे वाळलेल्या झावळ्यांचा भारा टेकवला आणि हातभर भोक पडलं. त्याच पंधरवड्यात सासऱ्यांना हगवण लागली, मग माझ्या धाकट्याला. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी पाणी तपासायची छोटी बाटली दिली. संध्याकाळी विहिरीचं पाणी त्यात भरून फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर पाणी काळंकुट्ट, शाई ओतल्यासारखं. काळं झालं म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. दोन्ही मुलांची पेज ह्याच पाण्यात शिजली आहे. त्या दिवसापासून उकळून पितो, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. पण असं किती दिवस काढणार?

मापं अशी. टेप लावून मोजली आहेत. खड्डा ते विहीर साडेसात मीटर, आणि विहीर खालच्या अंगाला. विहीर ९ मीटर खोल. मे महिन्यात तळाला दीड मीटर पाणी असतं, ऑगस्टमध्ये मात्र काठावरून वाकलं की कळशी बुडते. वरच्या बाजूला भावकीचा गडगा आहे, तिकडे जागा नाही. दक्षिणेला खळं आणि गाडीरस्ता. विहिरीच्या पलीकडे, आणखी उताराला, आमचं माड-पोफळीचं आगर. घरात सहा माणसं, गणपतीत आणि शिमग्यात पंचवीस.

गवंडी म्हणतात तोच खड्डा साफ करून पंधरा फूट खोल मारू. दुकानदार प्लास्टिकची तयार टाकी घ्या म्हणतो. धाकटे दीर म्हणतात सेप्टिक टँक बांधा आणि जादाचं पाणी वहाळात सोडा. मला ह्यातलं काहीच पटत नाहीये, पण का पटत नाही हेही सांगता येत नाही. पावसाच्या आधी काम व्हायला हवं.

---

सावंतवाडीकर · १७ फेब्रुवारी

तयार टाकीबद्दल माझा अनुभव सांगतो. आम्ही मे महिन्यात बसवली, भोवती नुसती माती लोटली आणि घर बंद करून मुंबईला आलो. टाकी रिकामीच होती. जुलैत शेजाऱ्यांचा फोन आला, टाकी वर आली म्हणून. जमिनीत पाणी चढलं आणि होडीसारखी तरंगून पाइप उखडून बाहेर. घ्यायचीच असेल तर खाली काँक्रीटचा थर द्या, टाकी त्याला बांधून घ्या आणि माती भरण्याआधी आत पाणी भरा. तुमच्याकडे पाणी इतकं वर येतं म्हणजे हे होणारच.

---

कातळावरचा · १८ फेब्रुवारी

ताई, मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होतो, आता निवृत्त आहे. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मापं दिलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक "विहीर जवळच आहे" एवढंच सांगतात.

आधी त्या न भरणाऱ्या खड्ड्याचं. तीस-पस्तीस वर्षांत खड्डा भरत नाही, ह्याचा अर्थ त्यातलं पाणी कुठेतरी निघून जातंय. आपला जांभा दगड म्हणजे आतून भोकंच भोकं. मातीतून पाणी झिरपतं तेव्हा गाळलं जातं, रोगजंतू वाटेत अडकतात, मरतात. जांभ्याच्या भेगेत गाळणं नाही. नळातून जावं तसं पाणी धावतं, खाली शेडीचा, म्हणजे पाणी न झिरपणाऱ्या चिकट मातीचा थर लागला की त्यावरून आडवं सरकतं आणि जिथे वाट मिळेल तिथे निघतं. तुमच्याकडे ती वाट म्हणजे विहीर. पुस्तकात शोषखड्डा आणि विहीर ह्यांच्यात किमान दहा मीटर लिहिलेले असतात, पण ते मातीसाठी. कातळात दहाला काही अर्थ नाही, जास्त लांब जावं लागतं, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर खड्डा नकोच.

म्हणून पंधरा फूट खोल मारणं हा सगळ्यात वाईट सल्ला. गवंड्यांच्या मनात वाईट नाही, पण खोल गेलात की मैला पाण्याच्या आणखी जवळ नेऊन ठेवता. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी ह्यांच्यात दोन मीटर कोरडी जमीन लागते. तुमच्याकडे ऑगस्टमध्ये हात घातला की पाणी. तिथे खड्डा नुसता विहिरीत उघडलेला राहील.

दिरांची अर्धी गोष्ट बरोबर आहे. टाकी हवी, पण बाहेर पडणारं पाणी वहाळात नको. सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात जंतू असतात. खालच्या वाडीत तेच पाणी गुरं पितात, बायका धुणं धुतात.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. टाकी दक्षिणेला, खळ्याच्या कडेला. तिथे रस्ता आहे, म्हणजे उपशाची गाडी येऊ शकते. ही गोष्ट कोणी विचारात घेत नाही आणि मग गाडीचा पाइप पोचत नाही म्हणून माणसाला आत उतरवतात. माणसं सहा, पण पाहुणे धरून दहा माणसांची टाकी घ्या: आतून लांबी २ मीटर, रुंदी ९० सेंटीमीटर, पाण्याची खोली १.४ मीटर, वर ३० सेंटीमीटर मोकळी जागा. मधे आडभिंत, पहिला कप्पा दोन तृतीयांश. पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या तोंडाला टी (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपाचा तुकडा) लावा. टीचं खालचं तोंड पाण्यात बुडलेलं हवं, म्हणजे वर धरलेली साय बाहेर जात नाही. व्हेंट पाइप छपराच्या वर न्या, तोंडाला डासांची जाळी बांधा.

नुसत्या चिऱ्यात बांधू नका. चिरा पाणी पितो. काँक्रीटमध्ये करा, नाहीतर चिऱ्याला आतून दोन हात गिलावा करून घ्या. झाल्यावर काठोकाठ पाणी भरा, खडूने रेघ मारा आणि एक दिवस तशीच ठेवा. पाणी रेघेखाली गेलं तर गवंड्याला पैसे देण्याआधी परत बोलवा.

पुढे तिसरा छोटा कप्पा, खडी भरलेला. पाणी खालून आत शिरून खडीतून वर चढायला हवं. जिथे जमिनीत पाणी वर असतं तिथे ह्याने बराच फरक पडतो. तिथून ११० मिलिमीटरचा पाइप, मीटरला अडीच सेंटीमीटर उतार, विहिरीला वळसा घालून आगरात. विहिरीपासून २५ मीटर तरी पुढे जा आणि तिथे उथळ शोषचर घ्या. गुडघाभर खोल, खडी भरलेला, वर माती.

पण त्याआधी दोन गोष्टी मला सांगा. जुलैत आगरात पाणी उभं राहतं का? आणि जिथे चर घ्यायचा तिथे पहारीने हातभर खड्डा मारा, रात्री पाणी भरून ठेवा, सकाळी परत भरा आणि अर्ध्या तासात किती उतरतं ते बघा. उतरलंच नाही तर शेडी आहे. क्षणात गायब झालं तरी खूश होऊ नका, म्हणजे खाली भेग आहे. सावकाश उतरायला हवं.

जुन्या खड्ड्याचं मुद्दाम शेवटी लिहितो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. त्यात कोणालाही उतरू देऊ नका. "दोन मिनिटं उतरतो" म्हणाला तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि वासच येत नाही. तुमची लादी त्याच वायूने खाल्ली. ओलाव्यात त्याचं आम्ल होतं, ते आतून काँक्रीट आणि सळ्या खातं, वरून लादी धडच दिसते. नोकरीत असताना एका वाडीत मी पोचलो तेव्हा उपशाला उतरलेला बापय्या आत आडवा होता आणि त्याला काढायला त्याचा भाऊ कंबरेला दोर न बांधताच शिरत होता. चौघांनी धरून ठेवला म्हणून एकच गेला. त्या भावाचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने असं माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

---

गवंडी_लांजा · १८ फेब्रुवारी

काका, एक विचारतो. आमच्याकडे सरकारी योजनेत सगळीकडे दोन खड्ड्यांचे संडास झाले. मी स्वतः पन्नासेक बांधले असतील. स्वस्त आहे, उपशाची गाडी लागत नाही. तुम्ही थेट टाकीवर का गेलात?

---

कातळावरचा · १९ फेब्रुवारी

बरोबर विचारलंत. माझाही पहिला पसंतीचा प्रकार दोन खड्ड्यांचाच. मीटरभर व्यासाचे, सव्वा मीटर खोल दोन खड्डे, मधे मीटरभर अंतर, चेंबरमधून एका वेळी एकच चालू. भरला की दुसरा सुरू, पहिला दोन वर्षं बंद. मग उघडाल तर काळं भुसभुशीत सोनखत, हातात घेतलं तरी वास नाही. आपल्या कोकणगांधी अप्पा पटवर्धनांनी गोपुरी संडासातून हेच लोकांना दाखवलं: मैला म्हणजे घाण नव्हे, खत आहे, आणि तो उपसणारा माणूस कमी नाही.

पण त्याला कोरडी जमीन हवी. सड्यावर, जिथे पाणी खोल आहे तिथे उत्तम. ताईंच्या परसात ऑगस्टमध्ये दोन्ही खड्डे पाण्याखाली जातील, मैला कुजणार नाही, भिजत राहील. म्हणून टाकी.

तुम्ही बांधता म्हणून एक विनंती. दोन खड्डे बांधाल तिथे घरातल्या बाईला चेंबर उघडून दाखवा, बोळा कुठला काढायचा आणि कुठला घालायचा ते. मी कितीतरी घरं पाहिली आहेत जिथे दोन्ही खड्डे एकदम चालू होते आणि मग दोन्ही एकदम भरले.

---

देवरुखची_सून · २३ फेब्रुवारी

काका, तुमचं उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. खड्डा त्यांनी स्वतः खणला होता. मग म्हणाले, "तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही." मला फार वाईट वाटलं. १९९१ साली घरच्या बायकांना अंधारात रानात जावं लागू नये म्हणून त्यांनी तो खणला होता. चुकीचं काही केलं नव्हतं.

आगराच्या खालच्या पायरीवर जुलैत घोट्याएवढं पाणी असतं. वरची पायरी कोरडी राहते, आणि ती टेप लावून विहिरीपासून २८ मीटर भरली. तिथे पहारीने खड्डा मारला. रात्रभर भिजवून सकाळी भरलं, अर्ध्या तासात चार बोटं उतरलं. हे बरं आहे ना?

आणखी एक, न्हाणीचं पाणीही टाकीला जोडायचं का? दुकानदाराने टाकीत टाकायची पावडर पण घ्या म्हणून सांगितलंय.

---

कातळावरचा · २३ फेब्रुवारी

चार बोटं छान. चर वरच्या पायरीवरच घ्या, तोही जमिनीत कमी आणि वर भर घालून. कडेने केळी लावा.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी अजिबात जोडू नका. ते आजवर माडाच्या आळ्यात जात असेल तसंच जाऊ द्या. टाकीत मैल्याला बसायला वेळ लागतो. न्हाणीच्या बादल्या आल्या की सगळं ढवळून निघतं आणि मैला चरात जाऊन चर तुंबतो. पावडर नको, शेणपाणीही नको, लागणारे जिवाणू मैल्यातच असतात. ॲसिड ओतून भांडं घासायची सवय असेल तर तेवढी मोडा. दर दोन वर्षांनी उपसा, भरो न भरो.

आणि सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्या काळात घरात संडास बांधणारा माणूस गावाच्या पुढे होता.

---

देवरुखची_सून · १२ सप्टेंबर

काम मे महिन्यात झालं, आता पावसाळाही जवळजवळ सरला, म्हणून लिहिते.

पाणी भरून रेघ मारली तेव्हा पहिल्या दिवशी टाकी तीन बोटं उतरली. गवंडी म्हणाले नवा गिलावा पाणी पितोच. मी ऐकलं नाही, परत भरलं, परत तेवढंच उतरलं. आउटलेटच्या पाइपाभोवती बारीक फट निघाली. ती भरून घेतली. तिसऱ्या वेळी पाणी रेघेवरच. गणपतीत सत्तावीस माणसं होती, काही अडलं नाही.

जुना खड्डा गाडीने उपसला, कोणीही उतरलं नाही. मग चुना, चिऱ्यांचे तुकडे आणि माती घालून बुजवला. विहिरीचं सगळं पाणी उपसून टीसीएल टाकलं. जुलैत बाटली भरली, काळी झाली. मी खचलेच होते. जलसुरक्षक म्हणाले जुना मैला अजून कातळात असणार, धुवून जायला वेळ लागेल. ऑगस्टअखेर परत भरली. तीन दिवस फडताळात होती, येता-जाता बघत होते. रंग बदलला नाही. नमुना प्रयोगशाळेतही दिलाय, अहवाल येईपर्यंत उकळूनच पितो.

एक विचारायचं राहिलं. बुजवलेला खड्डा पावसात वीतभर खाली बसलाय. तिथे फरशी घालून तुळस ठेवावी असं सासूबाईंच्या मनात आहे.

---

कातळावरचा · १२ सप्टेंबर

अजून बसेल. माती टाकत राहा, भोवती काठ्या रोवून दोरी बांधा, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. फरशी दोन पावसाळे झाल्यावर. उकळणंही लगेच सोडू नका, पुढच्या जुलैत परत एकदा बाटली भरा आणि इथे कळवा.