विकणारा म्हणतोय १९८४ चा ओरिजिनल ऑप्टिमस, कसं ओळखायचं?

अर्धवट_रोबो
मंडळी सल्ला हवाय. लहानपणापासून डोक्यात बसलेला जी-वन (म्हणजे पहिल्या पिढीचा) ऑप्टिमस प्राइम, ट्रकचा रोबो होणारं ट्रान्सफॉर्मर्सचं खेळणं, एकाकडे मिळतोय, लूज आहे, खोका नाही, पण ट्रेलर आहे, रोलर (ट्रेलरमधली छोटी गाडी) आहे, बंदूक पण आहे. त्याचं म्हणणं १९८४ चा ओरिजिनल, आणि पुरावा काय तर अंगावर उमटलेलं टाकारा या जपानी कंपनीचं नाव आणि ऐंशीच्या दशकातलं साल. फोटो चार पाठवलेत, चारही ट्रक करूनच. म्हटलं रोबो करून दाखव, तर म्हणतो जुना पीस आहे उगाच हात लावत नाही. मी आजवर नवीनच फिगर घेतल्यात, खोका फोडायचा आणि सुरू, जुन्याचा अनुभव शून्य. हे खरंच असं असतं की गोलमाल आहे?

खोकेवाला
पहिलं म्हणजे ते साल विसर. ते साच्याचं साल असतं, तुझा पीस कधी ओतला त्याचं नाही. मुळात हे खेळणं ट्रान्सफॉर्मर्स नावाच्या आधीचं, जपानमध्ये टाकाराची डायाक्लोन नावाची रेंज होती त्यातलं, मग अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती आणि टाकाराच्याच मायक्रो चेंज रेंजमधली खेळणी घेऊन १९८४ ला ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकायला काढली. नंतर त्याच डिझाइनचे रीइश्यू, म्हणजे कंपनीनेच परत काढलेले पीस, किती वेळा निघाले, साल तेच उमटत राहतं. आणि केओवाले (नॉकऑफ, म्हणजे नकली माल काढणारे) तर अक्षरासकट कॉपी मारतात.

आता धुराड्यांकडे बघ, केबिनच्या दोन बाजूंना उभी असतात ती. २००२ चा अमेरिकेतला रीइश्यू आला त्यात ती मुद्दाम आखूड केलेली, मुलांना लागू नये म्हणून. म्हणजे आखूड आणि टोक व्यवस्थित गोल असेल तर १९८४ चा विषयच संपला. पण उलटं धरू नकोस हां, लांब आहे म्हणजे ओरिजिनल असं अजिबात नाही, जपानी रीइश्यू आणि केओ दोन्हीकडे लांब मिळतात. आणि टोक सपाट, खरखरीत दिसलं तर ते कोणीतरी तोडलेलं किंवा चावलेलं 😄

अजून एक, रब साइन. काळा चौकोनी स्टिकर, बोटाने घासला की गरमीने आतला शिक्का दिसतो. हे १९८५ पासून लावायला लागले, त्यामुळे नुसतं नाही म्हणून नकली म्हणू नकोस, अगदी सुरुवातीच्या पीसवर नसणारच. आणि असला तरी एवढ्या वर्षांनी घासून काही दिसेलच असं नाही.

ढिला_सांधा
वरचं सगळं बरोबर पण मी आधी कंडिशन बघतो, ओरिजिनल असून खिळखिळा असेल तर काय उपयोग. रोबो करून कंबरेला धर आणि हलकेच उलटा कर, हातपाय आपोआप लोंबायला लागले तर सांधे गेले. साधा घर्षणाचा सांधा असेल तर फार घाबरायचं कारण नाही, बॉलवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मगच बसवायचं (ओलं असताना बसवलं की चिकटलंच, माझं झालंय). पण पिनेच्या भोवती प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसली तर थांब, ती तडा जायची सुरुवात असते, तिथे नेलपॉलिश वगैरे काही चालत नाही.

ट्रेलरचा बाहेरचा राखाडी आणि आतला राखाडी शेजारी ठेवून बघ. बाहेरून पिवळट आणि आतून स्वच्छ म्हणजे उन्हात राहिलाय. पेरॉक्साइड लावून उजळतात लोक, पण घाईत केलं की ढगाळ डाग पडतात. क्रोम उडालं तर मात्र परत येत नाही, बंपर नि जाळी झूम करून माग. आणि प्लास्टिक थकलेलं पण स्टिकर एकदम कोरे करकरीत असतील तर ते नंतर लावलेत. त्यात पाप काही नाही, फक्त त्याने सांगायला हवं.

सोनेरी_धसका
मी जरा विकणाऱ्याची बाजू घेतो. जुन्याला हात न लावणं हे कधीकधी खरंच शहाणपण असतं. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीत काही फिगरमध्ये सोनेरी चमकीच्या लाटा असलेलं प्लास्टिक वापरलं, ते आतून कुजल्यासारखं होतं. माझ्याकडे एक होता, दिसायला फर्स्ट क्लास, कपाटातून काढला, खांदा फिरवला तर कट् असा आवाज पण नाही आला, नुसता बिस्किटासारखा चुरा हातात. त्या दिवसापासून सोनेरी दिसलं की मी लांबूनच नमस्कार करतो.

खोकेवाला
@सोनेरी_धसका मान्य, पण ऑप्टिमसमध्ये ते सोनेरी प्लास्टिक कुठंय, लाल निळा राखाडीच सगळा. इथे ती सबब चालत नाही.

आणि @अर्धवट_रोबो तो फक्त ट्रकचेच फोटो का देतोय माहितीय? या खेळण्यात ट्रक करताना निळ्या मुठी काढून बाजूला ठेवायच्या असतात, मनगटात परत खुपसायच्या. एवढ्याशा असतात, सगळ्यात आधी त्याच हरवतात. म्हणजे ट्रकच्या फोटोत मुठी आहेत की नाही कळायला मार्गच नाही. मुठी माग, पंपाचं नोझल माग, मिसाईल माग, सगळं एका कागदावर मांडून एक फोटो. पूर्ण सेट आणि अपुरा सेट यात किमतीचा फरक फार पडतो, निम्मी माणसं तिथेच फसतात.

ट्रक_ते_रोबो
मधेच बोलतो, पण तुला हातात घेऊन फिरवायचाच असेल तर एवढा जुना कशाला? २०११ चा मास्टरपीस (मोठ्या कलेक्टरांसाठीची रेंज) एमपी-१० ऑप्टिमस बघ, ट्रेलर, रोलर सगळं येतं आणि रोबो म्हणून नीट उभा राहतो, गुडघे वाकतात. जी-वन म्हणजे खरं सांगायचं तर वीट आहे, प्रेमाने म्हणतोय. एमपी-१० चे पण केओ भरपूर निघालेत हां, मोठ्या साइजचे पण, तेव्हा तिथेही डोळे उघडे ठेव.

अर्धवट_रोबो
@ट्रक_ते_रोबो वीटच हवीय मला 😅 गुडघे न वाकणाराच डोक्यात बसलाय.

बरं अपडेट. व्हिडिओ मागितला, दोन दिवस टाळाटाळ केली, मग काल आला. धुराडी आखूड आणि टोकं मस्त गोल, म्हणजे तुम्ही म्हणालात तोच २००२ वाला दिसतोय. ट्रेलर आतबाहेर एकच रंग, कंबरेला धरून उलटा केला तर फक्त डावा पाय जरा लोंबला. म्हटलं रीइश्यूच्या भावात देत असशील तर घेतो, आधी चिडला मग तयार झाला. शेवटी मुठींचं विचारलं तर म्हणतो एक आहे, दुसरी घरातच कुठेतरी असेल, शोधून सांगतो.

खोकेवाला
सापडेपर्यंत पैसे पाठवू नकोस.