'नोंद घेतली' की 'दखल घेतली'?

मंडळी, मदत पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत प्रत्येक देशाचा जो यूपीआर (युनिव्हर्सल पीरिऑडिक रिव्ह्यू) होतो ना, म्हणजे इतर देश त्याच्या मानवाधिकारांचा आढावा घेऊन शिफारशी करतात तो, त्यावरचं एक चार पानी माहितीपत्रक मराठीत करतोय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडकलीय. 'सार्वत्रिक नियतकालिक आढावा' असं झोकात लिहिलं, बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली सगळीकडच्या मासिकांचा आढावा घेणार का? खरंच की, नियतकालिक म्हटलं की आपल्याला दिवाळी अंकच आठवतो. दुसरा प्रश्न, देशांनीच देशाचा आढावा घ्यायचा म्हणून याला पिअर रिव्ह्यू म्हणतात, त्याला काय म्हणायचं, 'सहकर्मी समीक्षा' वाचून कसंतरीच होतं. आणि तिसरा, शिफारशींपुढे 'नोटेड' लिहितात त्याचं मी 'दखल घेतली' केलंय. चालेल?

—

तिसरं अजिबात चालणार नाही, अर्थच उलटा होतोय. 'दखल घेतली' म्हणजे पुढे काहीतरी हाललं, चौकशी लागली, कुणाला तरी जाब विचारला. इथे नेमकं तेच होत नसतं. परिषदेचा २००७ चा जो ५/१ क्रमांकाचा ठराव आहे त्यात दोनच खाने आहेत, ज्याचा आढावा चाललाय त्या देशाचा पाठिंबा असलेल्या शिफारशी आणि बाकीच्या सगळ्या 'नोटेड'. 'नामंजूर' असा खानाच नाही! म्हणजे सरळ तोंडावर नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे 'नोंद घेतली' हेच बरोबर, आणि गंमत म्हणजे मराठीत तो शब्द आधीच त्या चवीचा आहे, खिडकीपलीकडून 'तुमच्या अर्जाची नोंद घेतलीय' असं ऐकलं की आपण काय समजायचं ते समजून घरी येतो.

—

वरच्यांशी सहमत, पण मग कंसात 'म्हणजे फेटाळली' असं कुणी लिहू नका. बातम्यांत हमखास तसं येतं. नोंद घेतलेल्या शिफारशीवर देश आपलं म्हणणंही जोडतो, कधी तत्त्व पटतं पण कायदा बदलायची तयारी नसते, कधी नुसती शब्दरचना खटकते. त्यातल्या काही गोष्टी नंतर गुपचूप अमलातही येतात. उलट 'पाठिंबा' दिलेल्या शिफारशींत बराच भरणा कसला असतो बघा, 'प्रयत्न चालू ठेवावेत', 'विचार करावा'. मित्रदेशाने म्हणायचं तुमचं छान चाललंय, असंच चालू ठेवा, आणि यांनी म्हणायचं मान्य! अशाला शिफारस म्हणणं म्हणजे शाबासकीला सूचनेचा सदरा घालणं.

—

पिअरबद्दल. संशोधनातल्या पिअर रिव्ह्यूत पिअर म्हणजे त्या विषयातला जाणकार, तिथे समकक्ष, सहकर्मी खपून जातं. इथे प्रश्न विचारणारे जाणकार नसतात, दुसऱ्या सरकारांचे प्रतिनिधी असतात. जाणकारांचं काम वेगळ्या समित्या करतात, उदाहरणार्थ नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावरची १८ स्वतंत्र तज्ज्ञांची समिती. दोन्हीला एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याचा घोळ होणार. मी 'परस्पर आढावा' सुचवतो.

—

'परस्पर' नको हो! परस्पर निर्णय घेतला म्हणजे न विचारता घेतला. 'देशाचा परस्पर आढावा' म्हटलं की वाटेल बिचाऱ्याला पत्ताच नव्हता आणि याद्या करून मोकळे झाले. प्रत्यक्षात तो देश जिनिव्हात समोर बसलेला असतो, साडेतीन तासांपैकी ७० मिनिटं त्याची, १४० मिनिटं बाकीच्यांची. शंभर देशांनी बोलायचं ठरवलं तर एकेकाला दीड मिनिटसुद्धा मिळत नाही, त्यात आधी नमस्कार, मग अभिनंदन, मग घाईघाईत शिफारस. (२०१३ च्या जानेवारीत इस्रायल आलाच नव्हता, त्याचा आढावा मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला. पण असं क्वचितच होतं.)

—

म्हणजे थोडक्यात अळीमिळी गुपचिळी. आज मी तुला बोललो तर उद्या तू मला बोलणार.

—

तेवढंच नाहीये. उद्या माझी पाळी येणारच, हीच तर त्यातली खरी मेख. परिषदेच्या आधी संयुक्त राष्ट्रांचा जो मानवाधिकार आयोग होता त्याच्यावर निवडक देशांनाच धारेवर धरतात असा आरोप असायचा, म्हणून २००६ मध्ये परिषद काढताना सगळ्यांचाच आढावा असं ठरलं, आणि २००८ पासून या फेऱ्या चालू आहेत, आता १९३ च्या १९३ सदस्य देशांची पाळी त्यांत येते. पहिली फेरी चार वर्षांची होती, नंतर साधारण साडेचार. त्यामुळे 'सार्वत्रिक' शब्द काढू नका, सगळा जोर त्याच्यावरच आहे. आणि या फेऱ्यांना इंग्रजीत 'सायकल' म्हणतात, त्याला 'चक्र' नको, 'फेरी' सुटसुटीत.

—

मूळ प्रश्नकर्ता: खूप आभार, डोक्यातला गुंता बराच सुटला. आता असं लिहिलंय, बघा: 'ठरावीक मुदतीने सर्व देशांचा, इतर देशांनी घेतलेला मानवाधिकार आढावा'. लांबलंय खरं, पण एकदा पूर्ण देऊन पुढे सगळीकडे नुसतं 'आढावा' ठेवतो. नोटेडला 'नोंद घेतली', खाली तळटीप. राहिला ट्रोइका, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेले ते तीन देश, जे अहवाल तयार करायला मदत करतात. त्यांना 'त्रिकूट' लिहिलं तर बायको म्हणते, हे तिघं कुठे डल्ला मारायला निघालेत?

—

'तीन देशांचा गट' लिहा आणि झोपा आता.