वाचनकोपऱ्यासाठी व्हिक्टोरियन भूतकथांची चित्रे: मूळ पाने कापावीत की प्रती काढाव्यात?

पानांआडून:
नमस्कार. एका अरुंद खोलीत मी वाचनाचा कोपरा तयार करीत आहे आणि त्याच्या भिंतीवर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भूतकथांची चित्रे लावावीत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. या कथांमधले भय अंगावर धावून येत नाही. जिन्यावर कोणीतरी थांबले आहे, मेणबत्तीच्या उजेडात पडदा किंचित हलला आहे, एवढ्यावरच ते उभे असते, आणि मला भिंतीवर नेमके तेच हवे आहे. कवट्या, वटवाघळे आणि रक्ताचे ओघळ मला नकोत. त्या काळातील एका सचित्र मासिकाचा शिवण सुटलेला खंड माझ्याकडे असून त्यातील चार चित्रे मला अतिशय प्रिय आहेत. ती पाने कापून सरळ फ्रेम करावीत, की प्रती काढाव्यात? प्रती काढल्यास एकच चित्र मोठे करून लावणे योग्य, की लहान चित्रांचा समूह? अशा चित्रांच्या वापरात हक्कांची अडचण येते का, हेही जाणकारांनी सांगावे.

कोरीवरेषा:
आकाराच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सारे त्यावरच अवलंबून आहे. ही चित्रे भिंतीसाठी काढलेलीच नव्हती. हातात पुस्तक धरून, दिव्याजवळ बसून, वीतभर अंतरावरून पाहण्यासाठी ती काढली गेली. १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’मध्ये जॉन लीचची आठ चित्रे आहेत. त्यातील चार हाताने रंगवलेली एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापलेली चित्रे, आहेत आणि चार लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली आहेत. ते पुस्तक तळहातावर मावेल एवढे लहान आहे. शेकोटीजवळ बसलेला कथेचा कंजूष नायक स्क्रूज आणि त्याच्यासमोर साखळ्यांनी जखडलेले त्याच्या मृत भागीदाराचे, मार्लीचे, भूत, हे चित्र दाराएवढे मोठे केले तर रेषा जाड आणि राठ दिसू लागतात, चेहऱ्यावरचे भाव विरून जातात आणि उरते ते केवळ फलकासारखे काहीतरी. म्हणून मूळ आकाराच्या दीडपट, फार तर दुपटीपर्यंतच जावे, सभोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवावा आणि फ्रेम बसलेल्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर लावावी. पाहणाऱ्याला दोन पावले पुढे यावेसे वाटले पाहिजे. भूतकथा वाचतानाही आपण असेच पुढे झुकतो.

निवडीबाबत माझे मत ठाम आहे. ज्या चित्रात भूत पूर्ण दिसते, त्यापेक्षा ज्यात माणूस कशाकडे तरी पाहतो आहे, ते चित्र रोज पाहण्यासाठी अधिक टिकाऊ असते. त्याच पुस्तकात आकाशात तळमळणाऱ्या आत्म्यांचे एक लहानसे, रंग नसलेले चित्र आहे. रंगीत चित्रांच्या तुलनेत त्याकडे दुर्लक्ष होते, पण भिंतीवर ते विलक्षण शोभते. शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ ही रक्तपिपासू स्त्रीची कथा १८७१-७२ मध्ये ‘द डार्क ब्लू’ या मासिकातून क्रमशः आली, तेव्हा डी. एच. फ्रिस्टन आणि मायकेल फिट्झजेराल्ड यांची चित्रे तिच्यासोबत होती. निजलेल्या मुलीवर झुकलेली आकृती आणि सभोवतालचा गडद अंधार, असे फ्रिस्टनचे चित्र प्रभावी आहे, पण ते शयनगृहात मी लावणार नाही. भूतकथाकार एम. आर. जेम्सच्या १९०४ मधील पहिल्या कथासंग्रहासाठी जेम्स मॅकब्राइडने काढलेली चित्रेही अनेक जण या समूहात लावतात. राणी व्हिक्टोरियाचे निधन १९०१ मध्ये झाले, त्यामुळे काटेकोरपणे ती त्या काळातली नव्हेत. तरी अंथरुणातील चादरीतून उठणारी ती आकृती वगळावी, असे म्हणवत नाही. मॅकब्राइड ते काम पूर्ण होण्याआधीच वारला आणि संग्रहात त्याची चारच चित्रे आली.

आणखी एक विनंती. त्या काळी चित्राखाली बहुधा कथेतलेच एखादे वाक्य छापलेले असे. प्रत काढताना ते कापून टाकू नका. त्या एका ओळीमुळे चित्र कथेशी बांधलेले राहते आणि पाहणाऱ्याला पुढे काय झाले असेल, याची ओढ लागते.

शिवणदोरा:
जुन्या पुस्तकांच्या बांधणीचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, म्हणून कळकळीने सांगते: पाने कापू नका. लाकडावर कोरलेला ठसा अक्षरांच्या खिळ्यांइतक्याच उंचीचा असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच वेळी छापता येत असे. त्यामुळे तुमच्या चित्राच्या पाठीमागे बहुधा कथेचा मजकूर असेल आणि चित्र कापले की कथेचेही पान जाईल. शिवण सुटली आहे ही हानी नाही, ती पुन्हा घालता येते. कापलेले पान मात्र पूर्वीसारखे होत नाही.

दुसरे कारण कागदाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद वाढला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि उजेडात ही क्रिया वेगाने होते. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते व भरून निघत नाही, म्हणून संग्रहालये अशा कागदांवर साधारण ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात. तेवढ्या उजेडात वाचन होणार नाही. पान आधीच सुटे झाले असेल आणि तेच लावायचे असेल, तर आम्लमुक्त माउंट, अतिनील किरण अडवणारी काच आणि काच कागदाला टेकणार नाही एवढे अंतर, या तिन्हींची काळजी घ्या. चिकटपट्टी कधीही लावू नका.

पानांआडून:
मनःपूर्वक आभार. आताच पाहिले: चारपैकी तीन चित्रांच्या पाठीमागे खरोखरच मजकूर आहे, आणि त्यात एका कथेचा शेवटही आहे. कापण्याचा विचार सोडला. मात्र स्कॅन केल्यावर मागची अक्षरे फिकट उमटतात आणि एका चित्रात मधोमध बारीक पांढरी उभी रेघ दिसते. ती पुसावी का?

कोरीवरेषा:
स्कॅन करताना पानाच्या मागे काळा कागद ठेवा. मागची अक्षरे बरीचशी नाहीशी होतील. पांढरी रेघ मात्र पुसू नका. मोठ्या चित्रांसाठी बॉक्सवूड या कठीण लाकडाचे लहान ठोकळे एकमेकांना जोडीत आणि कधी कधी निरनिराळे कारागीर निरनिराळे तुकडे कोरीत. ती रेघ बहुधा त्या सांध्याची आहे. तिच्यात त्या हातांचा माग आहे आणि मला ती चित्राइतकीच मोलाची वाटते.

स्कॅन ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) करा. ९ सेंटीमीटर रुंदीचे चित्र मग ३०० डीपीआयवर १८ सेंटीमीटर रुंद छापता येते. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते चित्र छायाचित्रण पद्धतीने छापलेले, बहुधा शतकाच्या अखेरचे आहे. त्यासाठी स्कॅनरमधील जाळी काढण्याची सोय वापरा, नाहीतर छपाईत लाटांसारखे पट्टे उमटतात. कागदाचा पिवळेपणा छापण्यापेक्षा तो काढून टाकून बिनचकाकीच्या, साईसारख्या पांढऱ्या सुती कागदावर केवळ रेषा छापाव्यात.

हक्कांविषयी: ब्रिटनमध्ये हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतात. लीच १८६४ मध्येच वारला, त्यामुळे त्याची चित्रे मुक्त आहेत. तुमच्या खंडातील चित्रकाराची सही असेल तर त्याचे मृत्युवर्ष तेवढे पाहून घ्या. आणखी चित्रे हवी असल्यास ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतील दहा लाखांहून अधिक चित्रे मुक्त वापरासाठी खुली केली, त्यांपासून शोध सुरू करा.

पानांआडून:
रेघ तशीच ठेवते. तीन चित्रे दुपटीहून लहान आकारात, खालच्या ओळीसह, खुर्चीच्या उजव्या हाताला लावीन. चौथ्या चित्रात एक मुलगी बंद दाराकडे पाहते आहे. ते एकटेच दाराशेजारी लावावे, असे आता वाटते. खंड आधी शिवून घेते.