१३ वर्षांच्या मुलाचा राग कसा हाताळायचा?

मुलगा १३ चा आहे, गेले काही महिने जरा काही बोललं की दार धाडकन आपटतो, काल मोबाईल ठेव म्हटलं तर कंपासपेटी भिंतीवर भिरकावली आणि अर्ध्या तासाने स्वतःच उशीत तोंड खुपसून रडत बसला. मी ओरडले की अजूनच चिडतो. काय करू?

उत्तर: ताई, तो नंतर रडला ना, म्हणजे त्यालाही हे नकोच आहे. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण २५ वर्षांपर्यंत तयार होत असतो, त्यामुळे भडका उडालेला असताना समजावणं वाया जातं, तेव्हा आवाज खाली ठेवून दोनच वाक्यं बोला, बाकीचं तो निवल्यावर. वस्तू फेकायची नाही यावर मात्र ठाम राहा.

उत्तर: आधी झोप बघा, या वयात ८ ते १० तास लागते. आणि शाळेत कुणी त्रास देतंय का हळूच विचारा, माझ्या मुलीच्या रागाखाली भीती निघाली होती, आम्ही उगाच तिला उद्धट समजत बसलो.

उत्तर: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला तर अजिबात थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

धन्यवाद सगळ्यांना. झोप खरंच कमी होतेय त्याची, शाळेचं आज विचारते.