मदत हवी आहे : 'डार्कलिंग'ला मराठीत काय म्हणाल?

मंडळी, एका शब्दाने चार दिवस छळलंय. हौस म्हणून इंग्रजी कवी कीट्सची 'ओड टू अ नाइटिंगेल' (१८१९) ही कविता मराठीत आणतोय. सहावं कडवं 'डार्कलिंग आय लिसन' असं सुरू होतं.

डकलिंग म्हणजे बदकाचं पिल्लू, म्हणून मी 'इवलासा अंधार' लिहून मोकळा झालो होतो. लेकीने वाचलं आणि विचारलं, "बाबा, अंधाराला पिल्लं कधीपासून व्हायला लागली?"

मग शोधाशोध केली. हा 'लिंग' वेगळाच निघाला. जुन्या इंग्रजीत दिशा किंवा रीत सांगणारा तसाच एक प्रत्यय होता. आजचा 'हेडलाँग' पूर्वी 'हेडलिंग'च होता. म्हणजे डार्कलिंग हे मुळात क्रियाविशेषण, अर्थ 'अंधारात'. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातला विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आम्ही डार्कलिंग राहिलो. 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याच्या (१६६७) तिसऱ्या सर्गात पक्षी डार्कलिंग गातो, आणि ते लिहिणारा मिल्टन स्वतः दृष्टी गमावलेला. अर्नल्डच्या 'डोव्हर बीच' या कवितेपर्यंत (१८६७) येताना त्याचं विशेषण झालेलं दिसतं. त्यात शेवटच्या 'इंग'मुळे हे क्रियापदाचं रूप वाटून कुणीतरी 'डार्कल' असं क्रियापदही पाडलं!

इतकं कळूनही ओळ जमत नाही. 'अंधारात ऐकतो' म्हणजे लोडशेडिंगमध्ये रेडिओ लावल्यासारखं. 'चाचपडत' म्हणावं तर हा माणूस जागचा हललेला नाही, पायाशी कोणती फुलं आहेत तेही त्याला दिसत नाहीये. 'अंधारलेला'मध्ये माणूसच काळवंडतो. एकच शब्द हवाय, बोलण्यातला. संस्कृत समास नकोत, प्लीज.

प्रतिसाद : आमच्याकडे कोकणात आजी ओरडायची, "काळोखाचा कुठे निघालास?" उन्हाचा, पावसाचा, रात्रीचा, तसाच काळोखाचा. तुमचा डार्कलिंग हाच की!

धागाकर्ता : अहो, हे तर घरात रोज बोलतो आम्ही! 'काळोखाचा ऐकत बसलोय.' लेकीनेही पास केलं. फक्त लिअरच्या ओळीत बसेना. 'दिवा विझला नि आम्ही काळोखाचे राहिलो' ऐकून ती हसत सुटली. तिथे काय करावं?

प्रतिसाद : तिथे सरळ 'अंधारात' ठेवा. विदूषकच बोलतोय, चालतंय.